नाक बंद, दुकान चालू

आमच्या गल्लीत नाकवाल्या काकूंची एक गोष्ट सांगतात. एक धडधाकट माणूस म्हणे त्यांच्या दुकानात आला आणि त्याने काउंटरवर हात ठेवला. काकूंनी त्याचा तळवा उचलून हुंगला, डोळे मिटले आणि एकच शब्द बोलल्या, "गुरुवारी." तो माणूस गुरुवारी मेला. ही गोष्ट सांगताना शेजारचा चावीवाला "गुरुवारी" हा शब्द विहिरीच्या तळातून ओढून काढल्यासारखा काढतो आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आलेला दिसला की मगच पुढच्या चावीला कानस लावतो.

खरं काय ते असं. त्या माणसाला बडीशेप हवी होती. बडीशेप संपली होती. माल गुरुवारी येतो. काकूंनी हात हुंगला हे खरं, पण हात त्या सगळ्यांचाच हुंगतात. माणूस आधी कोणतं मलम चोळून आलाय, तंबाखू खातो का, हे विचारण्यापेक्षा हुंगलेलं बरं, कारण माणसं खोटं बोलतात. त्या माणसाच्या हाताला ग्रीसचा वास होता, बाकी काही नाही. आज तो दुसऱ्या शहरात टॅक्सी चालवतो, चांगला गलेलठ्ठ झालाय आणि मध्ये एकदा येऊन दोन पुड्या बडीशेप घेऊन गेला. चावीवाल्याने त्याला डोळ्यांनी बघितलंय. तरी गोष्ट चालूच.

त्या गोष्टीमुळे लोकांना वाटतं, काकू म्हणजे कोणी जहांबाज बाई. मरण हुंगणारी. प्रत्यक्षात अख्ख्या गल्लीत त्यांच्याइतकं भित्रं माणूस शोधून सापडणार नाही. लिफ्टला त्या घाबरतात, कुत्र्याला घाबरतात, स्कूटरला घाबरतात, फोन वाजला की आधी छातीवर हात ठेवतात आणि मग उचलतात. उकळतं भांडं हात लांब करून, मान मागे घेऊन ढवळतात, जणू त्यातून कोणी उडी मारणार आहे. त्यांचे यजमान, म्हणजे आमचे कंडक्टरकाका, जन्मभर बसमध्ये तिकिटं फाडून आता रिटायर झालेत, ते सांगतात, "हिला लग्नाला हो म्हणायला तीन वर्षं लागली. आणि तेव्हासुद्धा 'हो, पण' म्हणाली."

ही भीतीच काकूंचा धंदा चालवायची. दुकान म्हणाल तर एक लांबट, अरुंद खोली. तिन्ही भिंतींना फळ्या आणि फळ्यांवर एकसारख्या तपकिरी काचेच्या बरण्या. मुळ्या, साली, पाने, बिया, फुलं. गिऱ्हाईक आत शिरलं की काकू एका दमात सुरू व्हायच्या. वय किती, झोप लागते का, पायावर सूज आहे का, रक्तदाब कधी तपासला होता, गोळ्या कोणत्या चालू आहेत, नावं सांगू नकोस, तुला येत नाहीत, पाकीट घेऊन ये. पोटात बाळ आहे का, नक्की नाही ना. हा शेवटचा प्रश्न त्यांनी घाईघाईत एकदा चावीवाल्यालाही विचारला होता.

एवढं सगळं विचारून झालं की निम्म्या लोकांना पुडी मिळायचीच नाही. कोणाला म्हणायच्या, रोज अर्धा तास उन्हात चाल आणि दहाच्या आत झोप. कोणाला म्हणायच्या, कोमट पाण्यात पाय सोडून बस आणि नवऱ्याशी भांडण जेवणानंतर कर, आधी नको. आणि जरा कुठे छातीत, पोटात, डोक्यात दुखतंय म्हटलं की बोट समोर. समोर म्हणजे रस्त्यापलीकडचा दवाखाना. "आधी तिकडे जा, मग माझ्याकडे ये."

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई बोलतात त्या चिठ्ठी लिहिल्यासारख्या, तीन शब्दांवर वाक्य जात नाही. त्यांचं आणि काकूंचं वीस वर्षं फारसं सख्य नाही आणि फारसं वैरही नाही. वाद एकाच गोष्टीवर. काकूंच्या एकाही बरणीवर नाव नव्हतं. काकूंना हा धंदा सासऱ्यांनी शिकवला. सासरे निरक्षर. त्यांनी सुनेच्या डोळ्यांवर टॉवेल बांधून वर्षभर एकेक बरणी तिच्या नाकाखाली धरली आणि चुकली की पुन्हा पहिल्यापासून. त्यांचं म्हणणं, नाव वाचणारा माणूस बरणी उघडून बघत नाही. काकूंनी चाळीस वर्षं ते पाळलं. बरणी उघडायची, हुंगायची, मगच चमचा घालायचा. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, नाव लिहा. काकू म्हणायच्या, बघू. आणि दोघी आपापल्या दारात जायच्या.

मग एका सोमवारी दूध करपलं.

काकू शेगडीसमोरच उभ्या होत्या. बाहेरच्या खोलीतून कंडक्टरकाका ओरडले की घर पेटलंय का, तेव्हा त्यांनी खाली बघितलं. पातेल्याचा तळ काळा झाला होता आणि त्यांच्यापर्यंत काहीही पोचलं नव्हतं. रविवारभर डोकं धरून त्या अंथरुणात पडून होत्या. साधी सर्दी, असं त्यांनी स्वतःला सांगितलं होतं. आता त्यांनी लसणाची पाकळी ठेचली आणि नाकाशी नेली. काही नाही. व्हिनेगरची बाटली उघडली. काही नाही. कंडक्टरकाकांच्या बुटांच्या पॉलिशची डबी, कपडे धुवायचा साबण, शेवटी स्वतःचीच ओंजळ. काही नाही. घरातलं एक माणूस न सांगता निघून जावं आणि त्याची खुर्ची तेवढी मागे राहावी, तसं त्यांना वाटलं.

दुकान बंद ठेवायला हवं होतं. हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण सर्दीची पुडी विकणारी बाई स्वतः नाक पुसत बसलीय, हे गल्लीने बघितलं तर काय म्हणेल, ही भीती आधी आली आणि दारात बसली. तिच्यामागची मोठी भीती रांगेतच राहिली. काकूंनी टॉवेल डोक्यावर घेऊन वाफ घेतली, आल्याचं पाणी प्यायलं आणि दुकान उघडलं.

नाक चोंदलेलं ओळखू येतं ते बोलण्यावरून. 'म' म्हणायला जावं तर 'ब' निघतो, 'न' म्हणायला जावं तर 'द'. काकूंना ते ठाऊक होतं. म्हणून चार दिवस त्यांनी ही दोन अक्षरं तोंडातून काढलीच नाहीत. मावशींना त्या ताई म्हणू लागल्या. "नको" म्हणायच्या ऐवजी मान हलवू लागल्या. "उन्हात चाल" म्हणायच्या ऐवजी दाराबाहेर, वर, सूर्याकडे बोट. चावीवाल्याला वाटलं काकूंनी मौन धरलंय आणि त्याने लगेच दोन गिऱ्हाइकांना सांगितलं की हे कशाचं तरी लक्षण आहे.

पुड्या बांधायच्या त्या हाताच्या सवयीने. चाळीस वर्षांत एकही बरणी जागची हललेली नव्हती. दुसरी फळी, डावीकडून सातवी, असा हात आपोआप जायचा. बरणी उघडून त्या हुंगायच्याही, निदान हुंगल्यासारखं करायच्या, म्हणजे गिऱ्हाइकाला शंका यायला नको.

त्यांना माहीत नव्हतं ते एवढंच. रविवारी बायको अंथरुणात पडलीय, तिला तेवढीच मदत, म्हणून कंडक्टरकाका दुकानात जाऊन दुसरी फळी पुसून आले होते. दोन हातांत दोन बरण्या घ्यायच्या, वळून काउंटरवर ठेवायच्या, जागा पुसायची, पुन्हा वळून वर ठेवायच्या. फार निगुतीने केलं त्यांनी. सगळ्या जोड्या सुखरूप आपापल्या जागी गेल्या. एका जोडीत मात्र उजवीकडची बरणी डावीकडे आणि डावीकडची उजवीकडे बसली.

त्या दोन बरण्यांत दोन पाले होते. वाळवलेले, चुरलेले, फिकट हिरवे. डोळ्यांना सख्खे भाऊ. एक होता लिंबाच्या वासाचा पाला. तो रात्री दोन चमचे उकळून प्यायला की म्हाताऱ्या माणसांना जरा शांत झोप लागते. दुसरी सोनामुखी. ती पोट साफ करते, आणि अशी करते की काकू ती द्यायच्या तर चिमूटभर, तीसुद्धा धडधाकट माणसाला आणि एकाच रात्रीपुरती.

मंगळवारी शिंपीआजोबा आले. आजोबा अठ्ठ्याहत्तरचे. दातांत टाचण्या धरून आयुष्य गेलं, त्यामुळे आता टाचण्या नसल्या तरी ओठ मिटूनच बोलतात, शब्द कोपऱ्यातून सरकवतात. हृदय अशक्त. अंगातलं जास्तीचं पाणी काढायची गोळी रोज चालू. हे सगळं काकूंना पाठ होतं. आजोबांच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट सहा वर्षं काकूंच्या दुकानात खिळ्याला टांगलेलं आहे. आजोबांनी सांगितलं, नेहमीचंच दे. काकूंचा हात डावीकडून सातव्या बरणीवर गेला. त्यांनी हुंगल्यासारखं केलं आणि भरपूर पाला बांधून दिला.

शुक्रवारी सकाळी शटर वर करताना काकूंना एकदम पलीकडच्या चप्पलवाल्याच्या गोंदाचा वास आला. उग्र, डोक्यात जाणारा. त्यांचे डोळे भरून आले. मग ओल्या फरशीचा वास आला, गंजलेल्या शटरचा, आतून लाकडाचा. काकू दुकानात शिरल्या आणि बऱ्याच दिवसांनी घरी आलेल्या माणसाने सगळ्यांना भेटत सुटावं तशा एकेक बरणी उघडत सुटल्या. बडीशेप. आहे. ज्येष्ठमध. आहे. दुसऱ्या फळीवरची सातवी उघडली आणि लिंबाच्या वासासाठी डोळे मिटून घेतले.

जुन्या गवताच्या गंजीवर काहीतरी गोडसर सांडून सुकून गेलंय, असा वास आला.

त्यांनी डोळे उघडले. पुन्हा हुंगलं. शेजारची बरणी उघडली. तिच्यातून लिंबू आलं.

काउंटरला धरून काकू तशाच खाली बसल्या. सातव्या बरणीतलं कोणाकोणाला गेलं? सोमवारी कोणी नाही, बुधवारी कोणी नाही, गुरुवारी कोणी नाही. मंगळवारी एकच. मंगळवार, बुधवार, गुरुवार, तीन रात्री. चिमटीच्या जागी दोन चमचे. अंगातलं पाणी गोळीनेच निघतंय, त्यात हे. पाण्याबरोबर क्षार जातात आणि क्षार गेले की अशक्त हृदय ताल सोडतं. हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. हेच सांगून त्यांनी कित्येकांना सोनामुखी नाकारली होती.

त्यांनी लिंबाच्या पाल्याची पुडी बांधली आणि निघाल्या. मनात वाक्य तयार केलं. आजोबा, ती पुडी जरा द्या, ही ताजी आलीय. एवढंच म्हणायचं. हसून म्हणायचं. आजोबा विचारणार नाहीत. गल्लीच्या टोकापर्यंत त्या ओठांतल्या ओठांत हे वाक्य घोळवत गेल्या, कधी "जरा" आधी, कधी "द्या" आधी, आणि प्रत्येक वेळी ते आधीपेक्षा खोटं वाटत गेलं.

आजोबांच्या खोलीला कुलूप होतं.

परत येताना चावीवाला भेटला. त्याला सगळ्यांच्या कुलपांची खबर असते. तो म्हणाला, आजोबांना बुधवारी त्यांची मुलगी घेऊन गेली, आठ-पंधरा दिवसांसाठी. कुठे? नदीपलीकडे, नव्या इमारतींत. कोणत्या? ते काही त्याला माहीत नव्हतं. "तिथे पन्नास इमारती आहेत काकू, आणि सगळ्या एकसारख्या."

मुलीचा पत्ता नाही, नंबर नाही. तो असेल तर एकाच ठिकाणी, समोर दवाखान्यातल्या फायलीत. आणि तो मागायचा तर कशाला हवाय ते सांगावं लागणार.

काकू आपल्या दुकानाच्या पायरीवर उभ्या राहिल्या. समोर दवाखान्याचं काचेचं दार उघडत होतं, मिटत होतं. त्या दारातून आत गेलं की चाळीस वर्षांचं नाव गेलं. डॉक्टरीणबाई काय बोलतील ते त्यांना तोंडपाठ होतं. दुकान बंद होईल, तक्रार होईल, कदाचित पोलीस. आणि आजोबा? कदाचित त्यांनी प्यायलंच नसेल. पहिल्याच रात्री पोट बिघडलं असेल आणि त्यांनी पुडी टाकून दिली असेल. कोणीही टाकेल. संध्याकाळपर्यंत वाट बघितली तर कदाचित मुलीचाच फोन येईल. चावीवाला सांगतो की काकू एक चावी घासून होईपर्यंत तिथे उभ्या होत्या. मग रस्ता ओलांडला तो दोन्हीकडे न बघता, आणि काकू रस्ता ओलांडताना चार वेळा बघतात.

आत बाकांवर सात-आठ माणसं. बहुतेक सगळी काकूंचीच गिऱ्हाइकं. टेबलामागची मुलगी गाणं म्हटल्यासारखं बोलते, प्रत्येक वाक्याचा शेवट वर लटकवून ठेवते. ती म्हणाली, नंबर घ्या, बसा, आठ लोकं आहेत पुढे. काकू तिच्या कानाशी वाकून पुटपुटल्या. तिला ऐकू गेलं नाही. "जरा मोठ्याने बोला ना काकू."

काकू सरळ उभ्या राहिल्या.

"मी शिंपीआजोबांना चुकीचा पाला दिलाय. मंगळवारपासून ते पितायत. मला त्यांच्या मुलीचा नंबर पाहिजे."

कोपऱ्यातल्या एका बाईने हळूच आपली पिशवी उघडली, काकूंच्या दुकानातली पुडी काढली आणि बाकाखाली सरकवली. काकूंनी ते बघितलं.

आतलं दार उघडलं. डॉक्टरीणबाईंनी ऐकलं होतं. त्यांनी विचारलं, काय दिलं. सोनामुखी. किती. दोन चमचे. किती दिवस. तीन रात्री.

"पाण्याची गोळी चालूय."

"माहीत आहे," काकू म्हणाल्या. "म्हणून तर आले."

डॉक्टरीणबाई फाइलींच्या कपाटाकडे वळल्या. काकूंना वाटलं, चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. फाइल निघाली. फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. टेबलामागच्या मुलीला त्यांनी पत्ता दिला, अँब्युलन्स तिकडे पाठव म्हणाल्या, बॅग उचलली आणि काकूंच्या हातात हेल्मेट दिलं.

डॉक्टरीणबाई स्कूटर चालवतात ती बोलतात तशीच. फाटे न फोडता, ब्रेकला हात न लावता. पुलावर पोचल्यावर काकूंच्या ध्यानात आलं की आपण स्कूटरवर बसलोय आणि आपल्याला स्कूटरची भीती वाटत नाहीये. मोठ्या भीतीने लहान भीती गिळून टाकली होती. मोठी भीती मोजत होती. काल रात्रीपासून आता किती तास झाले. आज सकाळी जाग आली असेल का. आली नसेल तर मुलीला कळलं असेल का. फोन का उचलला नाही. कोणी फोन उचलत नाही ते कशामुळे उचलत नाही.

इमारतीत लिफ्ट होती. काकू लिफ्टमध्ये गेल्या. चौथा मजला. घंटा. आत पावलं वाजली आणि आजोबांच्या मुलीने दार उघडलं. हातमोजे घातलेले, बाह्या वर, बाथरूम धूत होती. तिने आधी डॉक्टरीणबाईंना बघितलं, मग मागे काकूंना, आणि तिचा चेहरा सैलावला.

"बरं झालं दोघी आलात. परवापासून बाबांचं पोट थांबतच नाहीये. झोप तरी लागावी म्हणून काकूंचा काढा चालू ठेवलाय. आत्ता सकाळी पण दिला एक कप."

काकूंनी भिंतीला हात लावला. नुसत्या तीन रात्री नव्हत्या, तीन रात्री आणि एक सकाळ. डॉक्टरीणबाई मुलीला बाजूला करून आत गेल्या होत्या.

आजोबा पलंगावर एखादं कापड टाकून ठेवावं तसे पडले होते. ओठ सुकून पांढरे. डोळे खोल. डॉक्टरीणबाईंनी मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत राहिल्या. काकू डॉक्टरीणबाईंच्या ओठांकडे बघत होत्या. ओठ आकडे मोजत होते आणि मध्येच थांबत होते, पुन्हा मोजत होते, पुन्हा थांबत होते. खोलीत साबणाचा वास होता, आजारी अंगाचा होता आणि टेबलावरच्या कपातून सुकलेल्या गवताचा. परत आलेल्या नाकाने काकूंना एकही वास माफ केला नाही.

आजोबांनी डोळे उघडले. काकूंना ओळखलं. ओठांच्या कोपऱ्यातून, मध्येमध्ये श्वास घेत म्हणाले, "चव वेगळी लागली मला. पहिल्याच दिवशी."

"मग थांबला का नाहीत," काकू म्हणाल्या. "का पीत राहिलात?"

"म्हटलं, हिने हुंगलंय. हिला काहीतरी दिसलं असेल माझ्यात. साफ करायचं असेल. म्हणून जास्तच घेतलं."

आतापर्यंत काकूंना ज्या ज्या गोष्टींची भीती वाटली होती, त्यांत ही कधीच नव्हती. चुकीची बरणी, चुकीचा डोस, लपवलेला आजार, या सगळ्यावर त्यांनी प्रश्न तयार ठेवले होते. पण आपण काहीही दिलं तरी माणूस पिईल, जिभेला कळत असूनही पिईल, यावर त्यांच्याकडे एकही प्रश्न नव्हता.

मुलगी एकीकडून दुसरीकडे बघत होती. डॉक्टरीणबाईंनी तिला दोन वाक्यांत सांगितलं. तिने हातमोजे काढले. काकूंकडे न बघता म्हणाली, "तुमचं दुकान बंद झालं पाहिजे."

"हो," काकू म्हणाल्या.

अँब्युलन्स आली. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये एका लांब बाकावर काकू बसल्या, आणि मुलगी त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला. काचेपलीकडे आजोबांच्या छातीला वायरी लावल्या होत्या आणि पडद्यावर हिरवी रेघ धावत होती. ती रेघ नीट चार उड्या मारायची आणि पाचवी चुकवायची. मग दोन घाईच्या. मग मोठी पोकळी. प्रत्येक पोकळीत काकूंचं काळीज थांबायचं आणि पुढची उडी येईपर्यंत थांबलेलंच राहायचं. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन सांगून गेल्या की क्षार फार खाली गेलेत, सलाइनमधून हळूहळू चढवतायत, घाई करता येत नाही, दुपारपर्यंत कळेल.

बारा वाजले. एक वाजला. कंडक्टरकाका धापा टाकत आले. त्यांना गल्लीत सगळं कळलं होतं आणि त्यांना रविवारची फळी आठवली होती. ते बाकाजवळ उभे राहिले आणि म्हणाले, "चूक माझी आहे. मी हलवल्या बरण्या."

"तुम्ही पुसल्यात," काकू काचेवरून नजर न काढता म्हणाल्या. "हुंगायचं काम माझं होतं. बसा खाली. उभं राहू नका, मला भीती वाटते."

दोनच्या सुमारास रेघेने दहा उड्या नीट मारल्या. काकूंनी मोजल्या. मग वीस. पंचविसावी चुकली आणि काकूंच्या घशातून आवाज निघाला. मुलीने वळून बघितलं. मग ती बाकावर जरा इकडे सरकली, अगदी थोडी, म्हणजे तिलाही इथून काच नीट दिसावी म्हणून. पुढची पोकळी यायला खूप वेळ लागला. त्याच्या पुढची आलीच नाही. चार वाजता डॉक्टरीणबाई आल्या आणि म्हणाल्या, "लागला ताल." काकू रडल्या नाहीत. त्या उठून कॉरिडॉरच्या टोकाला गेल्या, खिडकीपाशी उभ्या राहिल्या आणि कितीतरी वेळ नुसता श्वास घेत राहिल्या. डॉक्टरीणबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. जाताना एवढंच म्हणाल्या की संध्याकाळपर्यंत वाट बघितली असती तर कठीण होतं.

आजोबा चार दिवसांनी घरी गेले. दोन किलो उतरले आणि जिने चढताना अजून थांबतात. मुलीने तक्रार केली नाही, पण ती गल्लीत आली की काकूंच्या दुकानासमोरून जात नाही, पलीकडच्या बाजूने जाते. काकू तेवढा वेळ आत बरण्यांकडे तोंड करून उभ्या असतात.

दुकान पंधरा दिवस बंद होतं. त्या पंधरा दिवसांत काकूंनी प्रत्येक बरणी उघडली, हुंगली आणि तिच्यावर नाव चिकटवलं. ज्या पाल्यांची सरमिसळ होऊ शकते ते लांब लांबच्या फळ्यांवर गेले. सोनामुखी तर अशा ठिकाणी गेली की ती काढायला स्टूल लागतं, आणि स्टुलालाही काकू घाबरतात. एक नवा नियम आला. रोज सकाळी शटर उघडल्यावर चावीवाल्याने कोणत्याही तीन बरण्या नाव झाकून पुढे करायच्या. एक जरी चुकली तर शटर खाली. पहिल्या दिवशी चावीवाल्याने मुद्दाम आपल्या तेलाची डबी पुढे केली. काकूंनी हुंगली आणि सांगितलं, हे तू डोक्यालाही लावतोस, लावू नकोस.

आणि मग काकूंनी दारावर पाटी लावली. स्वतःच्या हाताने, मोठ्या अक्षरांत, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर येईल अशी.

"या महिन्यात चार दिवस मला वास येत नव्हता. तरी मी दुकान चालू ठेवलं आणि एका माणसाला चुकीचं औषध दिलं. ते थोडक्यात वाचले. कोणत्याही पुडीची चव वेगळी लागली तर पिऊ नका आणि मला येऊन सांगा."

ती पाटी बघून मी काकूंना म्हटलं की ही आठ दिवस टिकणार नाही. मी वरच्याच मजल्यावर राहते, मला खालचं सगळं ऐकू येतं. चावीवाला येणाऱ्या-जाणाऱ्याला ती पाटी मोठ्याने, विहिरीतल्या आवाजात वाचून दाखवत होता. त्याचा तो "थोडक्यात" मला आता हुबेहूब येतो. लोक वाचायचे, आत डोकावायचे आणि निघून जायचे. पहिल्या तीन दिवसांत दुकानात कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. चिमणी फडफडली तरी दचकणारी ही बाई रोज उठून स्वतःची बदनामी वाचायला दुकान कशी उघडणार? मी म्हटलं, काकू, पैज लावा. महिन्याच्या आत तुम्ही पाटी उतरवली नाहीत तर तुमच्या सगळ्या बरण्या मी घासून देईन.

त्यांनी विचारलं, सगळ्या? मी म्हटलं, सगळ्या.

"मला फार भीती वाटते गं त्या पाटीची," काकू म्हणाल्या. "पण ती काढल्यावर जी वाटेल, ती जास्त आहे."

काल महिना झाला. दुकानात दोन माणसं बसली होती, त्यांतलं एक चव वेगळी लागली म्हणून पुडी परत घेऊन आलं होतं. पुडी बरोबर होती, तरी काकूंनी ती तीनदा हुंगली आणि मगच दिली. पाटी दारावरच आहे. बरण्या एकशे सहा आहेत. आजपर्यंत एकोणचाळीस घासून झाल्यात, नावाच्या चिठ्ठ्या भिजू न देता, एका वेळी एकच फळी, आणि एका हातात एकच बरणी.